धामणीला जंताचं औषध

इंदिरानगरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसलो होतो. तेवढ्यात एक बाई आल्या. हातांना झेंडूचा पिवळेपणा, आणि तोंड बांधलेली कापडी पिशवी लेकरासारखी छातीशी धरलेली.

"धामण हाय," त्या म्हणाल्या. "मळ्याच्या जाळीत अडकली होती. सोडवताना बघितलं तर अंगभर गोचीड."

आम्ही सगळे भिंतीला चिकटलो. आत डॉक्टरांनी चिमट्याने पहिला गोचीड ओढून काढला. बाईंनी तो झटकन घेतला आणि दोन अंगठ्यांच्या नखांत धरून चिरडला.

"ताई, उवा नाहीत त्या! वाटीत टाका!"

"हात ऐकत नाय ओ. दोन लेकी वाढवल्यात."

सगळे हसलो, आणि हसता हसता दाराशी गोळा झालो. बाई धामणीला धरून पुटपुटत होत्या, "हलू नको गं, झालंच." मग बारीक नळीने जंताचं औषध पोटात गेलं. शेवटचा गोचीड वाटीत पडला तेव्हा कुणीतरी टाळ्याच वाजवल्या.

"दोन दिवस इथे राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

"नको ओ. मळ्यात उंदीर लय झालेत. तिला कामं हायेत."

बाहेर नवऱ्याने स्कूटर सुरू केली. पिशवी मांडीवर घेऊन बाई मागे बसल्या.

"हळू घ्या ओ. आत्ताच औषध पाजलंय, खड्ड्यात आदळली तर ओकंल."

माझ्या मांजराला नुसती लस टोचली होती. तरी रिक्षात बसल्याबसल्या मी म्हणालो, "हळू घ्या ओ."