हबशी वस्तीतला नालबंद

त्या प्रकरणाला इतकी वर्षं लोटली, तरी ते मनातून गेलेलं नाही. निजामी राजवटीची ती अखेरची वर्षं. मी जालन्याच्या ठाण्यावर अमीन, म्हणजे आजचा फौजदार होतो. गावाबाहेर हबशांची वस्ती होती. त्यांच्या पणजोबांना आफ्रिकेतून घोडेस्वार म्हणून आणलेलं. फौज गेली, माणसं राहिली. गावात त्यांना कुणी भाड्याने खोली देत नसे, विहीरही वेगळी.

एका संध्याकाळी जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी पेटली. राखणदार भाजून मेला. सकाळी शेजारचा पानवाला खबर घेऊन आला, की वस्तीतल्या नालबंदाला पळताना पाहिलं. घोड्यांना नाल ठोकणारा हा माणूस तरुण होता. त्याला आणून बसवलं. "मी घरी होतो," एवढंच तो सांगत राहिला. साक्षीला फक्त आई. माझा विश्वास बसला नाही.

पण पानवाल्यावरही बसेना. आरोपीचे कपडे त्याला तोंडपाठ होते. तो फाटकातून पळाला की भिंतीवरून, हे मात्र दर जबाबात बदलत होतं.

मी ओळख परेड लावली. पंचांसमोर नालबंदासह वस्तीतले काही जण उभे केले. त्यांत माझा घोडा सांभाळणारा सईसही होता. तोही हबशी. आगीच्या संध्याकाळी तो माझ्याबरोबर भोकरदनला होता.

पानवाल्याने सरळ सईसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बिलकुल हाच, साहेब. म्या सोता पाह्यलं."

पानवाल्याला आत नेऊन सईस त्या संध्याकाळी कुठे होता ते सांगितलं. 

"मुकादमानं नाव सांगितलं," तो म्हणाला. "मला न्हाई ठावं कोण कोणता. समदे सारखेच दिसतेत."

जिनिंगच्या मुकादमाला आणलं. आधी त्याने उडवाउडवी केली, मग कबूल झाला. गंजीच्या आडोशाला त्याने चिलीम पेटवली होती; ठिणगी पडली. आपल्यावर येऊ नये म्हणून वस्तीतलं एक नाव पुढे केलं. तिथलं नाव कुणालाही पटणार, याची त्याला खात्री होती.

नालबंदाला न्यायला त्याची आई आली. तिने आभार मानले नाहीत.

"बराबर झालं, साहेब. पण तुमचा सईस त्या दिवशी गावातच असता, मंग?"

 पुढे नोकरीभर, कुणी कुणाचं नाव घेतलं की मी आधी विचारत असे, त्याच्याशी कधी बोलला आहेस का? बहुतेक जण नाही म्हणत.