मुठीले विचार

वाळू दिसली की माझा कारखान्यातला जोडीदार ती मूठभर उचलायचा, दाबायचा आणि मूठ उघडून पाहायचा. बोटांचे ठसे उठले तर खूश. "डोळ्याले नको, मुठीले विचार," हे त्याचं ठरलेलं. भिलाईत कोणाच्या दारात बांधकामाचा ढीग पडलेला असला तरी हा थांबणार. मी स्कूटरचा हॉर्न वाजवत बसायचो.

कारखान्यात आम्ही दोघं ओल्या वाळूचे साचे बनवायचो. त्यात वितळलेलं लोखंड ओततात. पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो, जास्त झालं तर लोखंड उसळून बाहेर येतं. दाबलेल्या मुठीवर बोटांचे ठसे स्वच्छ उठले म्हणजे पाणी बरोबर.

मी चौथी शिकलेला, पण वाळूचं पाणी नजरेने ओळखायचो. फारसा चुकलोही नाही, हे आजही सांगतो. मूठ दाबून पाहणं मला कमीपणाचं वाटायचं. एक दिवस न दाबताच साचा भरला. लोखंड उसळलं ते याच्या डाव्या पायावर.

साहेबाने विचारलं तेव्हा हा म्हणाला, "सांचा ठीक था साहब. मेरा ही पैर बीच में आ गया."

मी गप्प राहिलो. दोघंही रिटायर झालो, तरी गप्पच.

पुढे त्याच्या जावयाने आम्हा दोन म्हाताऱ्यांना गाडीने लडाखला नेलं. एका दुपारी बोडक्या पहाडांच्या पायथ्याशी वाळूच्या टेकड्याच टेकड्या दिसल्या.

"थांबवा जी, जवाईबापू."

त्याने जोडे काढले. डाव्या पायाची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. इतक्या वर्षांत मी ती कधी नीट पाहिली नव्हती.

टेकडीवर अर्ध्यातच आम्हाला दम लागला. बसल्या बसल्या त्याने मूठ भरली, दाबली. उघडली तर सगळी वाळू सांडली.

"एवढी वाळू, अन् एक साचा नाही व्हायचा."

मी म्हटलं, "त्या दिवशी पाणी जास्त झालं होतं. मी मूठ नव्हती दाबली."

तो तळहात झटकत राहिला. "मले मालूम हाय. तुह्या ढिगातली मूठ मी नंतर दाबून पाह्यली होती."

"मंग बोलला कावून नाही?"

"तू बोलशीन म्हणून वाट पाहून राहिलो होतो. लय दूर आणलं तू, लेका."

तो गेला त्याला आता वर्ष होईल. शिवनाथ नदीत राख सोडली, लोक परत फिरले. काठावर ओली वाळू होती. मी वाकलो, मूठ भरली, दाबली, उघडली. चारही बोटांचे ठसे स्वच्छ उठले होते.

दाखवायला मी शेजारी वळलो.