मंचाच्या पाच पायऱ्या

लिहायला मी फार उशिरा बसलो. त्यामुळे तिरस्कारासारखी भावना जपूनच मांडावी, असे वाटते. पण त्या माणसांविषयी दुसरे काही मनात येत नाही.

खुब्याचे हाड मोडल्यापासून आईला मी अंगणापलीकडच्या संडासापर्यंत उचलून नेत असे. ती डोळे मिटून घेई. माझ्यासारख्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला चाकांची खुर्ची परवडत नव्हती, म्हणून तुमसरच्या राईस मिलवाल्यांच्या एका मंडळाकडे अत्यंत विनम्र अर्ज केला. तो मंजूर झाला, तेव्हा आईने एकच अट घातली.

"घरात उचल, काही नाई. पण चार लोकाइच्या समोर मले उचलू नोको, बाबू."

मी शब्द दिला.

कार्यक्रम दहाचा होता. पाहुणे एक वाजता आले. तोवर लाभार्थी सतरंजीवर होते आणि बसायला जागा कमी पडल्याने मंडळाचे कार्यकर्ते वाटपासाठी आणलेल्या, प्लास्टिकही न काढलेल्या चाकांच्या खुर्च्यांत बसून तर्री-पोहे खात होते. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठीच्या समारंभाला पाच पायऱ्यांचा मंच बांधावा, इतकी प्रगल्भता या मंडळींत होती.

आमची पाळी आल्यावर मी सचिवांजवळ जाऊन हळूच विचारले, "खुर्ची खालीच देता येईल का?"

"सर, बॅनर वर हाय ना! फोटोत बॅनर नाई आला तं दानवाले काय म्हनतीन? उचला बुडीले. वजन तरी काय हाय तिचं!"

सतरंजीवरचेसुद्धा हसले. माझ्यापाशी उत्तर होते. वाक्यरचनाही निर्दोष होती. प्रत्यक्षात तोंडातून निघाले ते एवढेच : "हो जी."

मी आईला उचलले. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. पाचही पायऱ्या ती माझ्याकडेच पाहत होती. पाहुण्यांनी एक हात खुर्चीच्या मुठीवर ठेवला आणि ते कॅमेऱ्याकडे पाहून करुणेने हसले. आईचे नावही त्यांनी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसून ती स्वतःच चाके रेटत अंगणापलीकडे निघाली. वर्षानुवर्षे धानाची रोवणी केलेले हात होते ते. संडासाच्या उंबऱ्याला चाक अडले. मी पुढे झालो.

"हात नोको लावू."

मी जागीच थांबलो. खुर्ची थोडी मागे घेऊन ती पुन्हा चाक रेटू लागली, आणि खुर्चीच्या पाठीवर लाल अक्षरांत रंगवलेले दात्याचे नाव मी वाचत उभा राहिलो.