मिशनरी बाईंच्या नावाचा हॉल

“हा हॉल गेला, तर आमच्या मिसचं सिंगापुरात काहीच उरणार नाही,” मिसेस टॅन मीटिंगमध्ये म्हणाल्या.

२००३-०४ चा सुमार असेल. मी सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका फर्ममध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. इमारत वजन पेलेल की नाही, हे सांगणं माझं काम. क्लायंट होती मुलींची एक जुनी मेथडिस्ट शाळा. मेथडिस्ट हा ख्रिस्ती पंथ इथे नवा होता, तेव्हा एक मिशनरी बाई बोटीने एकट्या आल्या. मलाय शिकल्या. घरोघरी जाऊन आयांना म्हणायच्या, मुलींना शिकू द्या. त्यातून ही शाळा उभी राहिली. हॉलला त्यांचंच नाव होतं; शाळेत सगळ्या त्यांना नुसतं ‘मिस’ म्हणत. सत्तरी ओलांडलेल्या मिसेस टॅन माजी विद्यार्थिनींच्या प्रमुख होत्या.

आम्ही हॉलच्या खांबांची कोअर टेस्ट केली. म्हणजे ड्रिलने काँक्रीटचा गोल तुकडा काढून तपासायचा. तुकड्यांचा हातात भुगा होत होता. आतलं लोखंड गंजलेलं.

बॉस म्हणाले, “रिपोर्टमध्ये रिपेअर शक्य आहे असं लिही ना. सगळे खूश.”

“सर, तिथे रोज सकाळी मुलींची असेंब्ली भरते.”

“बरं, जे आहे तेच लिही.”

मी मिसेस टॅनना हॉलमध्ये नेलं आणि एक तुकडा त्यांच्या हातात दिला.

“पडेल का?”

“आज नाही. पण कधी, ते मी सांगू शकत नाही.”

त्या तुकडा घेऊन बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, “माझी आई या हॉलमध्ये शिकलीच नाही. तिला लहानपणी मोलकरीण म्हणून देऊन टाकणार होते. मिसनी तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, शिकवलं. हॉल मिस गेल्यावर बांधला.”

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनीच सांगितलं, “पाडा. पण नव्या इमारतीत हॉस्टेल हवं. ज्यांना घरी अभ्यासाला जागा नाही, अशा मुलींसाठी.”

“मग ऑडिटोरियम लहान होईल,” शाळेचे चेअरमन म्हणाले.

“होऊ दे, लह,” मिसेस टॅन सिंगापुरी लकबीत म्हणाल्या.

हॉल पाडला. नव्या इमारतीचे वरचे दोन मजले हॉस्टेलचे झाले. वजन वाढलं, म्हणून मला खालच्या खांबांचं डिझाइन पुन्हा करावं लागलं.

आता कुठलीही जुनी इमारत तपासायची असली, की मी मालकांना आधी विचारते, नक्की काय वाचवायचंय? बहुतेकांना लगेच सांगता येत नाही. तोवर मी ड्रिल मशीन मागवून ठेवते.