दाखल्यावरची तारीख

डांबरगोळ्यांचा वास आला की मला करमाडमधलं ते घर आठवतं. मी तेव्हा नवखा विमा एजंट होतो. पडवीत कपाशीचा ढीग, त्याला टेकून बसलेला विमा उतरवायला निघालेला शेतकरी, आणि ट्रंकेतून त्याचा शाळेचा दाखला काढणारी त्याची आई. जितकं वय जास्त तितका हप्ता जास्त, असं समजावून मी दाखल्यावरच्या तारखेप्रमाणं हप्ता सांगितला. आई हळूच म्हणाली, "ती तारीख थोरल्याची हाय. त्यो रझाकारांच्या टायमाला झाला, ह्यो पोलिस ॲक्शननंतर. थोरल्याचं नाव शाळंत घातलं अन् त्यो तापानं गेला. मास्तरनं मग त्याच नावावर ह्याला बसवलं." म्हणजे हा तीनेक वर्षांनी लहान होता. मी म्हणालो, "मावशी, प्रतिज्ञापत्र करून तारीख बदलून घेऊ. हप्ता दरवर्षी कमी बसेल." तिनं दाखला पदरानं पुसला. "नाय, राहू द्या. त्याचं तेवढंच राह्यलंय." मुलगा म्हणाला, "भरतो मी." मी थोरल्याची तारीख फॉर्मवर उतरवली. त्या दिवशी मी एकाचा विमा काढला की दोघा भावांचा, हे मला अजूनही सांगता येत नाही.