पळून आल्यावरची केशरी गोळी

भरतीच्या अकॅडमीतले ते सर म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस. त्यांचा मला आजही राग येतो. कळमनुरीच्या रस्त्यालगत पडीक रानात चुन्यानं गोल आखला होता, तेच आमचं मैदान. सकाळी पळून आलं की पोरींनी रांगेत उभं राहून उजवा हात पुढे करायचा आणि सरांनी प्रसाद वाटल्यासारख्या दोन गोळ्या ठेवायच्या. एक केशरी, व्हिटॅमिन सीची. दुसरी तेलकट, ईची. "आंग दुखनार न्हाई, ताकद वाढंल," एवढंच त्यांचं शास्त्र.

माझं भरतीचं वय तोवर उलटून गेलं होतं. धाकट्या बहिणीची मात्र ती शेवटची पोलीस भरती होती. पुढच्या वेळी तीही वयात बसणार नव्हती. म्हणून सुट्टीच्या दिवशीही तिची गोळी चुकू नये, हे मी अंगावर घेतलं. तिला त्या नकोच असायच्या. "ताई, आंग दुखत न्हाई, पन टायमिंगबी कमी होऊन न्हाई राहिलं." मी डाफरायचे, "सरांपेक्षा तुला जास्त कळतंय का?" दुखणं थांबलं म्हणजे गुण आला, अशी आम्हा सगळ्यांची पक्की समजूत.

भरतीत आठशे मीटरला पूर्ण गुणांच्या वेळेपेक्षा तिला चार सेकंद जास्त लागले. तेवढ्यानं गुण कापले गेले आणि यादीत नाव आलं नाही.

पुढे डोंगरकडा गावातल्या एका डॉक्टरांना मी त्या गोळ्यांचं विचारलं. ते म्हणाले, पळाल्यावर शरीरावर जो ताण येतो, त्यातूनच स्नायू पुढच्या पळण्यासाठी तयार होतात. जीवनसत्त्वांचे मोठे डोस रोज घेतले तर ही तयारी काहीशी दबू शकते. "पण त्यानं वेग घटतोच, असं नाही. तुमच्या बहिणीचं तर कुणीच सांगू शकणार नाही." मला चीड आली. ना धड हो, ना धड नाही. सरांच्या दारात जाऊन भांडायला मला एक ठाम वाक्य हवं होतं.

घरी बहीण भाकरी थापत होती. "डाक्टर काय म्हन्ले? गोळीनं झालं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "तूच कमी पळालीस."

"व्हय," ती म्हणाली, "मलाबी तसंच वाटून राहिलं व्हतं." आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

सर नुसते अडाणी होते. मला मात्र डॉक्टर काय म्हणाले ते माहीत होतं, आणि तरी मी तिला तसं म्हणाले.