आप्पांनी वाटून दिलेला श्वास

आमच्या बोरी गावात दोन माणसांनी एकाच वेळी श्वास घ्यायला बंदी होती. निजामाच्या राज्यात बंद्यांना तोटा नव्हता, पण ही बंदी सरकारची नव्हती, माझ्या थोरल्या चुलत्यांची होती. त्यांना सगळे गाव आप्पा म्हणायचे. पेठेत त्यांचे किराण्याचे दुकान होते, पण जीव सगळा महादेवाच्या देवळातल्या भजनात. आप्पा पुढे उभे राहून चरण म्हणायचे आणि मागे दोन ओळींत उभे असलेले आम्ही तोच चरण उचलून धरायचो. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की भजनाला भोक पडते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी प्रत्येकाला चरणातली एकेक जागा नेमून दिली होती. श्वास घ्यायचा तो आपल्या जागी, दुसऱ्याच्या जागी जीव गेला तरी नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटायचे, आत एकच कुणी अवाढव्य माणूस गातो आहे आणि त्याला दम म्हणून लागत नाही.

हे वेड दिवसभर त्यांच्या डोक्यातून उतरत नसे. गिऱ्हाईक गूळ घ्यायला आले की तागडीत खडा टाकता टाकता आप्पा विचारायचे, "काल तू सुताराच्या जागी दम घेतलास. लाज वाटत न्हाई का रं?" आणि ते गिऱ्हाईक चोरी सापडल्यासारखी मान खाली घालायचे. जेवताना काकू काही सांगू लागल्या तर आप्पा त्यांनाही अडवायचे, "मधी कुठं तरी दम घे, मग सांग." काकू भाकरी थापता थापताच म्हणायच्या, "तुमच्या भजनात मी न्हाई. मला कुठं बी घेऊ द्या." भावकीतल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले, तर घरदार, जमीनजुमला राहिला बाजूला, आप्पांनी नवऱ्या मुलाला विहिरीत बुडी मारायला लावली आणि तो बराच वेळ वर आला नाही तेव्हा खूश होऊन होकार दिला. मुलीची आई तोवर रडायला लागली होती.

बापाची श्वासाची जागा मुलाकडे जायची. गावातल्या दोघा भावांनी शेत, बैल, घर सगळे गोडीगुलाबीने वाटून घेतले, पण वडिलांची जागा चांगली ऐसपैस होती, तिच्यावरून त्यांचे बोलणे तुटले. शेवटी आप्पांनी ती धाकट्याला दिली. "थोरल्याची छाती रेड्यासारखी हाय, त्याला कशाला पायजे?" एवढाच निवाडा.

मग रझाकारांच्या गडबडीचे दिवस आले. चार माणसे जमली तरी चौकशी होऊ लागली. एकदा पोलिसांचा अमीन घोड्यावरून थेट देवळासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "इतने लोग जमा होके क्या करते?" आम्ही टाळ खाली ठेवले. आप्पा मात्र हात जोडून म्हणाले, "साहब, दम लेते. मगर सब मिलके नै लेते." अमीनाला काही उमगेना. तो पायरीवर बसून ऐकू लागला. भजन संपल्यावर म्हणाला, "वो खंबे के पासवाला बुड्ढा दो बार लेता है." खांबाजवळच्या म्हाताऱ्याला दमा होता, आप्पांनीच त्याला दोन जागा दिल्या होत्या. ते बाहेरच्या कुणाला वर्षभर ऐकूनही कळले नसते. अमीन निघून गेला, पण आप्पा कितीतरी दिवस हळहळत होते, "काय कान हाय माणसाचा. सरकारनं कुठं वाया घातलाय बघा."

त्याच सुमारास मी परभणीहून मॅट्रिक पास झालो. आमच्या घरात इतके कुणी शिकले नव्हते. हैदराबादच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता, पण हजर व्हायचे होते ते नेमके श्रावणातल्या शिवनाम सप्ताहात. सप्ताहात आप्पा कुणालाच सोडत नसत. हळद लागलेल्या नवरदेवालाही त्यांनी मुंडावळ्यांसकट ओळीत उभे केले होते. वडील त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. "आप्पाला इचार," ते म्हणाले, "जा म्हणला तर जा, न्हाई तर दुकानात बस."

मी दुकानात गेलो.

"सप्ताह झाल्यावर जा की," आप्पा म्हणाले.

"तवर तिथली जागा जाईल, आप्पा."

"अन् इथली?"

आप्पांनी साखरेची पुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, "सांजच्याला देवळात ये. टाळ आणू नको."

संध्याकाळी त्यांनी मला ओळीत उभे न करता समोर बसवले. आमचे भजन समोर बसून मी कधी ऐकलेच नव्हते. आप्पांनी चरण म्हटला, मागच्यांनी उचलला, आणि माझी जागा आली तशी निघून गेली. कुठे भोक पडले नाही. मी नसल्याचे कुणाला कळलेही नसते. मला फार वाईट वाटले. मग माझे लक्ष आप्पांकडे गेले. चरण म्हणून झाला की ते एरवी थांबायचे, तेवढीच त्यांना उसंत. त्या दिवशी ते थांबतच नव्हते. आपला चरण म्हणायचे आणि मागच्यांबरोबर माझ्या वाट्याचाही म्हणायचे. गळ्याची शीर फुगली होती, डोळे लाल झाले होते.

भजन संपले. वडील दाराशी उभे होते. आप्पांनी मला विचारले, "तुटलं का कुठं?"

"न्हाई, आप्पा."

"मग झालं. तुज्यावाचून इथं काई अडत न्हाई. जा."

वडिलांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. आप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला, पण पाणी काही पिता येईना. वडील काहीतरी बोलणार होते. आप्पांनी हातानेच त्यांना गप्प राहायला सांगितले आणि मला जायची खूण केली. बोलण्याइतका दम त्यांच्याजवळ उरला नव्हता.